जोडीची मेंढी

हसनाबाद, ता. भोकरदन
१८ जून १९७६

बेबे,

खुशाली मागून विचारते. आधी हे पत्र कोणासमोर फोडलं असशील तर मिटव अन् एकटी असशील तिथं वाच. शाळेत एका बाकावर बसायचो तव्हा सगळं तुलाच सांगायचे, आता बी दुसरं कोण हाये मला. ह्या घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, म्हणून तर हिंमत होती. आत्याबाई समोर बसून लोकर कातून राह्यल्या. ह्या माझ्या सासूला वाटतं सून मैत्रिणीला खुशाली कळवती.

मला परत दिवस गेलेत. चौथा सरला. तीन वर्षांमागं माझं लेकरू आडवं येऊन गेलं ते तुला कळवलं व्हतं. त्याच्या मागचं कळवलं न्हाई. त्या बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी मी पाण्याच्या घागरी उचलल्या, अन् तव्हापासून माझं अंग खाली येतं. उकिडवं बसलं, खोकला आला, की मुठीएवढं बाहेर. मी हातानं आत सारते, फडकं आवळून बांधते अन् कामाला लागते. तीन वर्षं असंच चालून राह्यलं. आमच्या हौसाच्या वडलांना माहीत हाये, पण ते त्याच्यावर बोलत न्हाईत.

आता काय ठरलंय ते ऐक. ह्या घरची एक रीत हाये. लग्नात नवरीच्या ओटीत मेंढीचं कोकरू घालतात. तिला जोडीची मेंढी म्हणतात. ती विकायची न्हाई, कापायची न्हाई. माझ्या जोडीची ती टिकली, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. बेबे, माझं अंग आलं त्याच्या तीन महिन्यांनी तिचं बी आलं. दुसरी मेंढी असती तर तिला बाजार दाखवला असता, अंग आलेली कोणी ठेवत न्हाई. तव्हापासून ती गाभण राह्यली न्हाई, मी बी न्हाई. अन् आता दोघी एकदम. ती दसऱ्याला वेल, मी दिवाळीच्या मागून.

आत्याबाई म्हणतात, टिकली कशी वेते ते बघू. सुखानं सुटली तर तू बी घरीच. मेंढ्यांची अंगं बसवायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं येतं, हात बसलेला हाये त्यांचा. दवाखान्याचं नाव काढलं की हौसाचे वडील नसबंदीच्या गाडीला भितात, दोन वेळा ज्वारीत लपून बसलेत.

मी दुसरेपणाची, तुला ठाऊकच हाये. पहिली ठकू सापानं गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात हाये. सवत राजी असली म्हंजी सगळं बराबर होतं, म्हणतात.

तुझ्या दवाखान्यात माझ्यासारख्या बायका येतात का? त्यांचं कसं करतात? मला मरायचं न्हाई बेबे. हौसा पाच वर्षांची हाये.

तुझी
सुगंधा

&nbsp;

नर्सेस क्वार्टर, औरंगाबाद
२७ जून १९७६

सुगंधे,

पत्र एकटीनं वाचलं आणि एकटीनंच कपाळावर हात मारला. मेंढी कशी वेते ते बघून बाईला कुठं न्यायचं ते ठरवणार? मग तुझ्या नवऱ्याचं, मल्हारीभाऊचं, दुखलं की मेंढा तपासत असतील तुमच्याकडे.

रागावू नकोस. लाजू तर बिलकुल नकोस. आमच्या वॉर्डात आठवड्याला दोन-तीन बाया येतात अंग बाहेर आलेल्या. कोणी दहा वर्षं फडकं बांधून शेतात राबलेली असते. प्रत्येकीला वाटतं जगात आपल्या एकटीचंच असं आहे.

डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न सांगता विचारलं. नीट वाच. पाचव्या-सहाव्या महिन्यात तुझं अंग आपोआप वर जाईल. पिशवी मोठी झाली की ती ओटीपोटाच्या वर चढते, खाली उतरायला जागाच राहत नाही. वर गेलं म्हणजे बरं झालं असं समजू नकोस. शेवटच्या दिवसांत वजन आलं की परत खाली दाबेल.

बाळंतपण दोन तऱ्हेनं होतं. पिशवीचं तोंड मऊ असलं, उघडत असलं, तर खालूनच. फक्त तोंड पुरतं उघडेस्तोवर तू जोर करायचा नाही आणि वरून कोणी पोट दाबायचं नाही. तोंड सुजून जाड झालेलं असलं तर ते उघडत नाही, फाटतं. मग पोट उघडून मूल काढतात. दोन्हीपैकी कोणतं, हे आजच कोणी सांगू शकत नाही. तपासून ठरतं. म्हणून कळा यायच्या आधी तू इथं पाहिजेस. नसबंदीचं म्हणशील तर तुझ्या सहीवाचून कोणी तुला हात लावणार नाही, मी उभी राहीन तिथं.

तोवर घागर उचलायची नाही. दुपारी पायाखाली उशी घेऊन पडायचं. हात साबणानं धुतल्याशिवाय अंगाला लावायचा नाही, सासूनं तर नाहीच.

माझी आजी गिरिजाबाई आपल्या हसनाबादची सुईण होती, तिचा हात मी पाहिला आहे. तीसुद्धा म्हणायची, अंग आलेली बाई दिसली की माझी छाती धडधडते.

एक विचारते. ठकूला साप कुठं चावला होता? शेतात की घरात? सहज विचारलं.

बेबीनंदा

&nbsp;

हसनाबाद
३ ऑगस्ट १९७६

बेबे,

माझं अंग वर गेलं. पुरतं वर गेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी उकिडवं बसून भाकरी केल्या अन् रडले.

तू म्हणशील मी सांगितलंच व्हतं. पण बेबे, ते आपोआप गेलं न्हाई. नागपंचमीच्या आधल्या दिवशी आत्याबाईंनी टिकलीला लोकरीचा पट्टा बांधला, शेपटीखालून काढून पाठीवर गाठ. मंग मला आत बोलावलं अन् मला बी बांधला. दोघींच्या गाठी एकाच हातानं. चौथ्या दिवशी तिचं वर गेलं अन् पाचव्या दिवशी माझं. आता ह्याला काय म्हणशील?

माझा पट्टा त्यांनी पेटीच्या तळातून काढला. जुना हाये, घासून मऊ पडलेला, पण माझ्या कमरेला असा बराबर बसला जसा माप घेऊन वळलाय. मेंढीचं माप न्हाई ते, बाईचं हाये. माझ्यासाठी कव्हाचा वळून ठेवला असंल बिचारीनं. मी उगाच त्यांना भ्यायची.

टिकलीचं सांगते. मला अन्न जात न्हाई त्या दिवशी ती चाऱ्याला तोंड लावत न्हाई. दुपारी मी पाय वर करून पडते, तू सांगितलं तसं, तर ती दारात येऊन उभी राहती. आत येत न्हाई, ओरडत न्हाई. मी कूस बदलली की तिची मान हलती. हौसा म्हणती, आई, टिकली तुला मोजती. आत्याबाई सकाळी उठून आधी तिच्या पोटाला हात लावतात, मंग माझ्या. तिला विचारतात, बरी हायेस का. मला विचारत न्हाईत. मला विचारायची गरजच न्हाई म्हणतात.

साप घरात चावला म्हणतात. आतल्या खोलीत. तू का विचारलं?

सुगंधा

&nbsp;

औरंगाबाद
१४ ऑगस्ट १९७६

सुगंधे,

अंग वर गेलं याचा आनंद आहे. पट्ट्यानं गेलं यावर माझा विश्वास नाही. वॉर्डात अशीच एक पोटुशी बाई होती, तिला कोणी पट्टा बांधला नव्हता, तिचंही याच दिवसांत वर गेलं. गुण महिन्याचा आहे, गाठीचा नाही.

तुझ्यासाठी वळलेला पट्टा घासून मऊ कसा पडला गं? नवं लुगडं कधी विरलेलं निघतं का? जरा डोकं चालव, सातवीत माझ्या पुढे नंबर होता तुझा.

दसऱ्याच्या आधी एकदा यष्टीनं ये, तपासून जा. भाडं मी पाठवते. मल्हारीभाऊला सांग, रक्त तपासायला बोलावलं आहे. आणि ती मेंढी दारात आली तर हाकलून लाव. काही नाही, मला वाचूनच कसंसं झालं.

बेबीनंदा

&nbsp;

हसनाबाद
८ ऑक्टोबर १९७६

बेबे,

मी आले न्हाई. आत्याबाई म्हणाल्या, टिकली वेलेपर्यंत वेस ओलांडायची न्हाई.

टिकली वेली. मेंढरं केदारखेड्याच्या शिवारात बसवली व्हती, तिथं. मला बघायला नेलं न्हाई. हौसाचे वडील सांगत आले, नर कोकरू हाये, अंग आलं न्हाई, अर्ध्या घटकेत मोकळी झाली. आत्याबाईंनी गल्लीत गूळ वाटला. झालं, माझं बाळंतपण घरी ठरलं. मला बी त्या घडीला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन दिवसांनी मेंढरं घरी आली. टिकली मेंढरांच्या वाडग्यात उभी, पायाशी कोकरू. मी हाक मारली. तिनं मान वळवली न्हाई.

बेबे, ही टिकली न्हाई.

काळी हाये, ठिपका हाये, डाव्या कानाला आपल्या घरची चीर हाये. पण ती चीर ओली हाये, तिच्यावर माशी बसती. माझ्या टिकलीची चीर सात वर्षांची. ही माझ्याकडं बघती ते नव्या बिऱ्हाडातली बाई शेजारणीकडं बघती तसं. दुपारी दारात येत न्हाई. मी जेवले काय अन् न जेवले काय, ही सारखी चरती.

आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वेलेल्या मेंढीची नजर बदलती. शेजारच्या बाया म्हणाल्या, हीच टिकली. हौसा तिच्या गळ्यात पडून म्हणती, आई, टिकलीच तर हाये. सगळे एका तोंडानं बोलतात अन् मी एकटी येगळं बघते. मला वेड लागून राह्यलं का? पोटुशीपणी असं होतं का गं? दवाखान्यात विचारून सांग.

आता परत खाली जड वाटतं. सकाळी हात लावला तर फुगीर लागलं. कोणाला सांगितलं न्हाई. टिकली सुखानं वेली ना, मंग मला दुखायचा हक्क न्हाई.

सुगंधा

&nbsp;

औरंगाबाद
१४ ऑक्टोबर १९७६

सुगंधे,

तुला वेड लागलेलं नाही. वेड लागलेल्या बाईला ओली चीर दिसत नाही.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. विजयादशमीला माझे वडील, दादा, इथं आले होते. तुझ्या घरचं विचारलं तर आधी उठूनच गेले, मग जेवताना बोलले. आजीनं मरताना त्यांना सांगितलेलं. तू घाबरशील म्हणून मी लिहीत नव्हते. आता नाही लिहिलं तर माझ्यासारखी पापी मीच.

ठकू सापानं गेली नाही. बाळंतपणात गेली. तिचंही अंग बाहेर यायचं. त्यातच अडली, तीन दिवस कळा. आजी पहिल्याच दिवशी दाराशी गेली होती. तुझ्या सासूनं उंबऱ्यातून परत पाठवली. म्हणाली, मेंढ्यांची अंगं बसवते, सुनेचं बसवता येणार नाही का मला? तिसऱ्या दिवशी आजीला बोलावलं ते ठकूला आंघोळ घालायला. मूल पोटातच होतं. कमरेला लोकरीचा पट्टा होता, गाठ मांसात रुतलेली. मल्हारी तेव्हा मेंढरं घेऊन लांब गेला होता. आला तेव्हा सगळं उरकलेलं. साप चावला असं त्यालाही सांगितलं आणि गावालाही. नाहीतर दुसरी मुलगी कोणी दिली असती त्या घरात?

आता जे सांगते ते दादांना मी तीनदा विचारलं. आजीनं तो पट्टा सोडला आणि ठकूच्या अंगावरच ठेवला. तो तिच्यासोबत गेला. दादांनी खड्ड्यात तिच्यावर माती पडताना पाहिली. मग तुझ्या कमरेला आहे तो कुठून आला, मला माहीत नाही. मी विचार करायचाच सोडून दिला आहे. तू सोड तो.

आणि लवकर नीघ. आठवा सरत आला तुला.

बेबीनंदा

&nbsp;

हसनाबाद
२७ ऑक्टोबर १९७६

बेबे,

पट्ट्याची गाठ सुटेना. विळ्यानं कापला अन् चुलीत घातला. लोकर जळल्याचा वास आला न्हाई. काहीच आलं न्हाई. फडकं बांधून घेतलंय अन् वरून लुगडं, आत्याबाईंना अजून कळलं न्हाई.

हौसाच्या वडलांना सरळ विचारलं, माझी टिकली कुठं हाये? ते घोंगडीचे धागे ओढायला लागले. मंग म्हणाले, "कान मीच कापला. तू भिशील म्हणून." खरी टिकली दोन दिवस अडली व्हती. अंग बाहेर आलं, कोकरू आतच. केदारखेड्याच्या शिवारात पुरली. ही भोकरदनच्या बाजारातून आणली, हुबेहूब बघून. आईनं आणायला लावली म्हणाले. मी म्हणलं, मंग आता मला दवाखान्यात न्या. तर म्हणाले, आईला कसं सांगू, ती तर म्हणती टिकली सुखानं वेली.

बेबे, ऐकतेस का? ज्या बाईनं मेंढी बदलली तीच म्हणती मेंढी सुखरूप हाये. अन् त्या खोटं बोलून न्हाई राह्यल्या. त्यांना तसंच वाटतं. मी तोंडाकडं बघून ओळखते.

अन् काल त्या मेंढीला हौसानं हाक मारली, टिकले. तर ती आली. महिना बी झाला न्हाई अन् ती नावाला ओ द्यायला लागली. मी नवी आल्ते तव्हा आत्याबाई मला ठकू म्हणूनच हाक मारायच्या. चुकून, असं मला वाटायचं. मी बी ओ द्यायचे. महिनाभर चाललं ते.

मला लई भ्या वाटतं. मरणाचं वाटतं तितकंच, मी मेले तर ह्या घराला कळणार बी न्हाई ह्याचं वाटतं. माझं ठरलं. मी येते. तुझ्या दादांना, कडूबा काकाला, कधी अन् कुठं पाठवतेस ते कळव. हौसाला संगं आणणार.

सुगंधा

&nbsp;

औरंगाबाद
२ नोव्हेंबर १९७६

सुगंधे,

दादा ९ तारखेला मंगळवारी सकाळी बैलगाडी घेऊन शाळेमागच्या लिंबापाशी थांबतील. तू हौसाला शाळेत सोडायला निघाल्यासारखी नीघ. पुढं जालन्याच्या रस्त्याला यष्टी धरायची. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं आहे.

मल्हारी आडवा आला तर त्याच्यापासून आता काही लपवू नकोस. तुझ्या पहिल्या बायकोला साप चावला नव्हता म्हणावं. तीन दिवस पट्टा आवळून तिला घरात ठेवलं, माझी आजी दारातून परत गेली, हे कडूबाला विचार म्हणावं. एक गेली ती गेली. तुला मी तशी जाऊ देणार नाही.

बेबीनंदा

&nbsp;

हसनाबाद
६ नोव्हेंबर १९७६

बेबीनंदाबाई यांस,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास आनंद वाटतो की, मी आज पहाटे घरीच सुखरूप बाळंत झाले. मुलगा झाला. बाळ व बाळंतीण खुशाल आहेत. अंगाचा काही त्रास झाला नाही. मी आतल्या खोलीत असून सव्वा महिना बाहेर येणार नाही. तरी आपण भेटीस येण्याची तसदी घेऊ नये, व कडूबा यांसही पाठवू नये.

आपली,
सुगंधा मल्हारी

&nbsp;

हसनाबाद
२५ नोव्हेंबर १९७६

चि. सुगंधास तातेराव गुरुजींचे आशीर्वाद.

तू व लेक दोघी सुखरूप आहात हे परवा मल्हारीकडून कळलं, फार बरं वाटलं. मी तुझा अपराधी आहे, ते आधी सांगतो.

सहा तारखेला तुझ्या सासूबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, सून पहाटे बाळंत झाली, उठवत नाही, मैत्रिणीला पत्र लिहायचं आहे. कडूबा तुला न्यायला गाडी जोडणार हे त्यांच्या कानावर आलं होतं, ते मला मागून कळलं. त्या सांगत गेल्या, मी तुझ्या नावानं लिहीत गेलो. पेढा दिला तो खाल्ला. तुझं अक्षर घटवणारा मी, माझ्या अक्षरात तुझी सही करताना मला काही वाटलं नाही. बेबीनंदानं ते पत्र बारा तारखेला तुझ्या खाटेशी उभं राहून वाचलं म्हणे. तुम्हा दोघींना काय वाटलं असेल याचा मी विचार करतो.

आठ तारखेला त्या पुन्हा आल्या. पोस्टमनकडून परस्पर घेतलेलं बेबीनंदाचं पत्र वाचून घ्यायला. घरात वाचणारी तू एकटी, आणि तुझंच पत्र तुला कसं दाखवणार? मल्हारी सोबत होता. मी सहज विचारलं, बाळ कसं आहे? मल्हारी म्हणाला, "कोणतं बाळ, गुरुजी?"

मग मी पत्र वाचलं. ठकूचं आलं तिथं मी कागदाची घडी घालू लागलो, पण मल्हारी म्हणाला, पुरतं वाचा. वाचून झाल्यावर तो आईकडे न बघता उठला आणि कडूबाच्या घराकडे गेला. उद्याची वाट न बघता त्याच दुपारी त्यानं तुला गाडीत बसवलं, हे तुला माहीतच आहे.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही कळत नाही. मी मुलांना शास्त्र शिकवतो. तुझ्या सासूबाईंच्या लेखी तू गेलेली नाहीस. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं. त्या रोज सकाळी ऊन पाण्याची घागर नेतात, शेगडी नेतात, डिंकाचा लाडू, मेथीची भाजी, भाकरी. ताट रिकामं बाहेर येतं. बाराव्या दिवशी त्यांनी गल्लीत घुगऱ्या वाटल्या. बाया हसत गेल्या होत्या, येताना हसत नव्हत्या. मल्हारी म्हणतो आईला भ्रम झाला आहे, पण तोही घरात झोपत नाही, वाडग्यात झोपतो.

मी काल समजूत घालायला गेलो. ओसरीवर बसलो होतो. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय. आणि खरं सांगतो, आतून कोणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला, खाट करकरली. दार चार हातांवर होतं. मी ते ढकललं नाही.

त्या विचारतात, सुगंधाला कडक लाडू चालतात का, ती बोलत का नाही? काय सांगू? तू लिही. मी त्यांना वाचून दाखवीन.

तातेराव

&nbsp;

औरंगाबाद
३० नोव्हेंबर १९७६

आत्याबाई,

गुरुजी वाचतील तसं ऐका. मधी उठू नका.

मला अकरा तारखेला मुलगी झाली. कळा पुऱ्या दिवसभर झाल्या. पिशवीचं तोंड सुजून जाड झालं व्हतं, उघडलंच न्हाई. अंग बाहेर लोंबत व्हतं अन् लेकरू वर अडकून राह्यलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थांबलो तर फाटंल अन् दोघं बी जातील, पोट उघडावं लागंल. तुमचे चिरंजीव म्हणाले, सुगंधा सांगंल तसं करा. मी सही केली.

अन् दुसऱ्या कागदावर बी मीच सही केली. आता मला मूल होणार न्हाई. बेबी म्हणत व्हती, घाई करू नको, दोन्ही मुलीच हायेत, मागून विचार कर. माझा विचार तीन वर्षं चालूनच राह्यला व्हता. ज्या गाडीला भिऊन मला घरात ठेवलं, ते मी माझ्या हातानं करून घेतलं. अंगासाठी आता रबराची कडी बसवणार हायेत अन् पुढं ऑपरेशन. जड उचलायचं न्हाई म्हणाल्यात. मी उचलणार न्हाई.

मुलगी काळी हाये, आवाज मोठा हाये. हौसा तिच्यापाशी बसून राहती.

आता तुम्ही विचारता त्याचं. गुरुजींना वाटतं तुम्हाला भ्रम झालाय. मला तसं वाटत न्हाई. त्या खोलीत कोण हाये ते तुम्हाला माहीत हाये अन् मला बी. सात वर्षं मी त्या खोलीत निजले, तिथं माझ्या आधीपासून कोणीतरी पडून हाये हे मला कळायचं, मी बोलत नव्हते.

ती तुमच्याशी बोलत न्हाई कारण तुम्ही तिला माझ्या नावानं हाक मारता. मी आल्यावर तुम्ही तिचं नाव घेऊन मला बोलवायच्या, आता माझं घेऊन तिला. तिला ठकू म्हणा. तिच्या तोंडावर म्हणा, ठकू. मंग ती बोलंल.

कडक लाडू तिला देऊ नका, तीन दिवसांची उपाशी हाये, आधी पेज द्या. ऊन पाणी, शेक, तेल, तिचं सगळं राह्यलं व्हतं. गिरिजाबाई दारातून परत गेली, म्हणून राह्यलं. आता तुम्हीच करा. हात धुवून करा. सव्वा महिना पुरा करा, एक दिवस बी कमी करू नका. तो पुरा झाला की तिला विचारा, ठकू, झालं का तुझं, जातेस का?

ती हो म्हणाली तर गुरुजींकडून कळवा. मंगच मी माझ्या लेकी घेऊन त्या घरात पाय ठेवीन.

सुगंधा